कॉन्ट्रा नाचाचं कॉलिंग, आणि नवखा माणूस दुसऱ्यांदा का येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. दोन वर्षं कॉन्ट्रा नाचायला जातोय. आता आमच्या हॉलच्या मंडळींनी मलाच कॉलिंग शिकून घ्यायला सांगितलंय. महिन्याच्या नाचाला वीस-पंचवीस लोक येतात, बहुतेक साठीच्या पुढचे. नवीन लोक येतात आणि पुन्हा दिसत नाहीत. कॉलिंगची सुरुवात कुठून करू, नवीन माणसं कशी आणू, आणि माझ्या मराठी वळणाच्या इंग्रजीचं काय?"

मी सांगलीची. न्यू इंग्लंडमध्ये येऊन बरीच वर्षं झाली, त्यातली १८ वर्षं कॉलिंगमध्ये गेली. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण पहिले दोन मला वेगळे वाटत नाहीत. "नवीन लोक येतात आणि पुन्हा दिसत नाहीत" हे तुमचंच वाक्य आहे. म्हणजे लोक येतायत. तुमचा पत्रक वाटण्याचा प्रश्न सुटलेला आहे. दारातून आत आलेला माणूस साडेनऊला कोट चढवून निघून का जातो, हा खरा प्रश्न, आणि त्याचं निम्मं उत्तर मायक्रोफोन हातात असलेल्या माणसाकडे असतं.

इतर वाचकांसाठी आधी नाच सांगते, म्हणजे पुढचं समजेल. दोन लांब रांगा समोरासमोर, तुमचा जोडीदार पलीकडच्या रांगेत. (पुढे 'एक रांग' म्हणेन ती या दोन्ही मिळून.) बँडच्या बाजूला 'वर' म्हणायचं. वरून चार-चार जणांचे गट पाडतात, त्याला 'हँड्स फोर'. प्रत्येक गटात बँडजवळची जोडी 'वन्स', दुसरी 'टूज'. धून ६४ ठोक्यांची असते, तिचे चार भाग: ए-१, ए-२, बी-१, बी-२, प्रत्येकी १६ ठोके. मिनिटाला ११५च्या आसपास ठोके धरले तर एक फेरी साधारण ३३ सेकंदांची. फेरी संपली की वन्स एक घर खाली सरकतात, टूज एक घर वर, आणि दोघांनाही नवे शेजारी मिळतात. मग तोच नाच पुन्हा, पंधराएक वेळा. रहाटाची मडकी आठवा: निम्मी वर चाललेली, निम्मी खाली, टोकाला पोचलेली जोडी एक फेरी थांबते, जागा बदलते आणि उलट दिशेनं निघते. हे सगळं चालू असताना कोणी काय करायचं ते पुकारत राहणारा तो कॉलर. (शर्टाची नव्हे. आईला हे समजवायला मला एक अख्खा फोन लागला होता.)

माझी सर्वात वाईट रात्र आधी सांगून टाकते. मला कॉलिंग करून दोन-तीन वर्षं झाली होती. एका गावातल्या हॉलमध्ये जवळच्या कॉलेजातून २२ मुलं एकदम आली. आयोजक खूश. मी आठवडाभर बसून माझ्या आवडीचे नाच निवडले होते, कार्डांवर रंगीत पेनानं लिहिले होते. दुसऱ्याच नाचात पूर्ण 'हे' होता, म्हणजे चौघांनी एकमेकांना डावा-उजवा खांदा देत वेणी घालायची. मी तो समजावला. पुन्हा समजावला. तिसऱ्यांदा चालवून घेतला. फिडल वाजवणारी बाई फिडल मांडीवर ठेवून बसली होती. नऊ मिनिटं मी बोलत होते आणि लोक नुसते उभे होते. मध्यंतरानंतर त्या २२ मुलांतली पाच उरली. आयोजक बाई मला काही बोलल्या नाहीत, फक्त कुकीची बशी पुढे केली.

तेव्हा मला वाटलं, मुलांना जमलं नाही. चूक माझीच होती, आणि ती नाच अवघड निवडण्यापुरती नव्हती. मी त्या हॉलमध्ये स्वतःला दाखवायला गेले होते. पाहुणे जेवायला आल्यावर यजमानीणबाईंनी पदार्थाची कृती सांगत बसावं, असं झालं ते.

आता कॉलिंगच्या कारागिरीकडे येऊ. पहिली गोष्ट वेळेची. नवा कॉलर हमखास उशिरा बोलतो, कारण तो नाच बघतो आणि जे दिसतंय ते सांगतो. कॉल कृतीच्या आधी संपला पाहिजे. पुढच्या ओळीच्या पहिल्या ठोक्यावर स्विंग, म्हणजे दोघांनी धरून जागच्या जागी गरगर फिरणं, सुरू व्हायचा असेल, तर तुमचे शब्द आधीच्या ओळीच्या शेवटच्या चार ठोक्यांत बसले पाहिजेत. तुमच्या कानावर तबला पडलेला असेल तर हे लगेच कळेल: तिहाई कुठूनही सुरू होवो, संपते समेवर. कॉलही तसाच. शब्द संपतात, सम येते, आणि पावलं पडतात. ज्या रात्री हे जमतं त्या रात्री नवख्यांना वाटतं की आपल्याला नाचता येतंय. ज्या रात्री अर्धा ठोका चुकतो त्या रात्री त्यांना वाटतं की आपण मठ्ठ आहोत. चूक कॉलरची असते, पण ती मनाला लावून घेतो नवखा.

दुसरी गोष्ट शब्दांच्या क्रमाची, आणि इथे तुमचा आमचा फायदा आहे. इंग्रजीत सहज बोलायचं तर 'अलमांड राइट विथ युअर नेबर' असं तोंडात येतं: आधी काय करायचं, मग कुठला हात, आणि कोणाबरोबर ते सगळ्यात शेवटी. नाचणाऱ्याला मात्र सगळ्यात आधी हवं असतं 'कोणाबरोबर', कारण मान वळवायला वेळ लागतो. मग हात. मग कृती, आणि किती. म्हणून जाणते कॉलर इंग्रजी वाक्य मोडून 'नेबर, राइट हँड, वन्स अँड अ हाफ' असं म्हणतात. मला ही सवय लावताना त्रास झाला नाही. 'शेजाऱ्याचा उजवा हात धरून दीड फेरा घ्या' — मराठी वाक्य जन्मतःच या क्रमात येतं. मी अजूनही नवीन कार्ड लिहिताना प्रत्येक ओळ मनात मराठीत म्हणते आणि तोच क्रम इंग्रजीत ठेवते. करून बघा.

तिसरी गोष्ट गप्प बसण्याची. पहिल्या दोन-तीन फेऱ्या पूर्ण कॉल द्या. मग 'नेबर, बॅलन्स अँड स्विंग'चं नुसतं 'स्विंग' करा (बॅलन्स म्हणजे स्विंगआधीचा पुढे-मागे झोका). मग तेही सोडा. लोकांचे पाय आणि धून यांच्यामधून तुम्ही बाजूला व्हायचं असतं. रांगेच्या टोकांवर गोंधळ दिसला तर एक-दोन शब्द टाका, शेवटच्या फेरीला परत या. नवे कॉलर घाबरून पंधराही फेऱ्या बोलतात. मग कोणी धून ऐकतच नाही, आणि धून ऐकू आली नाही तर माणूस पुन्हा येण्याचं एक मोठं कारण गेलंच.

रांग पूर्ण कोसळली तर? कोसळते. आपला जोडीदार शोधा आणि स्विंग करा, एवढंच सांगा. स्विंगमध्ये सगळे आनंदात असतात, चुकल्याची लाज वाटायला वेळ मिळत नाही. धून पुन्हा ए-१ वर आली की तिथून उचला. बँडला थांबवण्याची वेळ वर्षातून एखाद्यावेळी यावी.

नाच कोणते निवडायचे यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि यामागे थोडा इतिहास आहे. या नाचाचं मूळ इंग्लंडच्या 'कंट्री डान्स'मध्ये आहे. जॉन प्लेफर्डनं लंडनमध्ये १६५१ साली त्या नाचांचं पहिलं पुस्तक छापलं. फ्रेंचांनी 'कंट्री'चं 'कोंत्र' केलं, आणि 'कॉन्ट्रा' तिथून आला. अमेरिकेत शहरांनी नव्या फॅशनी धरल्या, पण न्यू हॅम्पशर आणि व्हर्माँटच्या डोंगराळ गावांत हा नाच टिकून राहिला. राल्फ पेज (१९०३–१९८५) यांनी तो न्यू हॅम्पशरमधून आयुष्यभर जपला आणि पसरवला. साठ-सत्तरच्या दशकांत कॉलर आणि वादक डडली लॉफमनच्या मागे लांब केसांची तरुण पोरं टाउन हॉलांत जमू लागली, आणि बॉस्टनकडे टेड सनेलासारख्या कॉलरांनी नवे नाच रचले.

या नव्या रचनांनी एक गोष्ट बदलली, तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. जुन्या नाचांत, उदाहरणार्थ 'कोरस जिग'मध्ये, मुख्य काम वन्सचं. तेच बाहेरून खाली जातात, तेच मधून येतात, आणि टूज बराच वेळ नुसते उभे. नवखा माणूस तळाशी टूज म्हणून उभा राहायचा आणि वर पोचेपर्यंत सात-आठ वेळा तो नाच बघायचा. त्याची शिकवणी तिथेच, रांगेत उभ्याउभ्या व्हायची. नव्या नाचांत सगळे सतत हलतात. ते जास्त मजेचं आहे, मलाही तेच आवडतं. पण उभं राहून बघण्याची ती सोय गेली. आता नवखा पहिल्या ठोक्यापासून पाण्यात असतो. म्हणून आजच्या कॉलरला असे नाच शोधावे लागतात ज्यांत चुकलेला माणूस आठ ठोक्यांत परत जागेवर येऊ शकतो.

माझी कसोटी साधी आहे. नाचात प्रत्येक कृती संपल्यावर माणसाला आपण कुठे आहोत हे दिसतं का? सर्कल, स्टार (मध्यभागी हात जुळवून चाकासारखं फिरणं), लाँग लाइन्स — हात धरलेले असतात, शेजारी तुम्हाला ओढून घेतो. पहिल्या तासात मी एवढ्यावरच भागवते, अधूनमधून डो-सी-डो (पाठीला पाठ ठेवून एकमेकांभोवती फेरा) आणि स्विंग. चेन, म्हणजे तिरक्या समोरच्या दोघांनी मधून उजवा हात देत पलीकडे जायचं आणि तिथल्या माणसानं त्यांना वळवून घ्यायचं, ती तिसऱ्या नाचाच्या आधी नाही. 'हे'ची वेणी मध्यंतरानंतर, आणि नवखे जास्त असतील तर अजिबात नाही. डेव्हिड केनर यांचा 'बेबी रोझ' तुम्ही नाचला असाल: शेजाऱ्याशी बॅलन्स आणि स्विंग, पाऊण सर्कल आणि जोडीदाराशी डो-सी-डो, जोडीदाराशी बॅलन्स आणि स्विंग, मग चेन, आणि डाव्या हाताचा स्टार जो तुम्हाला नव्या शेजाऱ्यांकडे सोडतो. अख्ख्या नाचात अवघड जागा एकच, चेन. तिथे कोणी चुकलं तरी लगेच येणारा स्टार त्याला गोळा करून घेतो. असे दहा नाच कार्डांवर जमवा. शंभर नकोत. आणि ते दोन्ही बाजूंनी, वन्स आणि टूज दोन्ही होऊन नाचा.

दोन्ही बाजूंनी म्हणजे दोन्ही भूमिकांतूनही. हल्ली बहुतेक हॉलमध्ये जेंट्स-लेडीज जाऊन 'लार्क' आणि 'रॉबिन' आलेत. स्विंग संपल्यावर लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे; इंग्रजीत लेफ्ट-लार्क आणि राइट-रॉबिन यांची आद्याक्षरं जुळतात, लक्षात राहायला सोपं. जुन्या मंडळींत यावर कुरकुर आहे आणि ती मला कळते, चाळीस वर्षांची जिभेची सवय आहे. पण नवख्यांच्या बाजूनं बघा. दोन मैत्रिणी आल्या, बाप आणि मुलगा आले, तर 'तू बाई हो' असं कोणाला सांगावं लागत नाही. मी एका ओळीत सांगते आणि पुढे जाते. पाच मिनिटांचं भाषण केलंत तर नको ती चर्चा मध्यंतरात सुरू होते.

नाच सुरू होण्याआधीचा अर्ध्या तासाचा वर्ग हा इथल्या हॉलांचा रिवाज. मी तो २० मिनिटांवर आणलाय. कृतींची यादी शिकवत नाही, त्या नाचता नाचता येतात. तीनच गोष्टी: ठोक्यावर चालणं, वजन देणं, आणि रांगेत पुढे सरकणं. आणि चार-पाच जुन्या मंडळींना आधीच फोन करून या वर्गाला बोलावते. दहा नवखे एकमेकांना धरून उभे राहिले तर ते एकमेकांच्या चुका शिकतात. प्रत्येकाच्या समोर एक जाणता हात आला की निम्मं काम तो हात करतो.

वजन देणं शिकवताना मला इंग्रजीत शब्द सापडत नव्हते, आणि एकदा अचानक आजीची फुगडी आठवली. फुगडीत काय होतं? पाय जवळ, अंग मागे, हात ताणलेले. दोघींपैकी एकीनं हात सैल सोडला तर दोघी पडतात, एकीनं ओढाओढ केली तर दुसरीचा खांदा दुखतो. बरोबरीचं ओझं असेल तरच वेग येतो. स्विंगमध्ये धरणं वेगळं, एक हात पाठीवर असतो आणि पाऊल स्कूटर ढकलल्यासारखं टाकायचं: उजवा पाय मध्ये टेकलेला, डाव्यानं ढकलायचं. पण गुपित तेच. आता मी वर्गात आधी दोन्ही हात धरून, मागे झुकून नुसतं फिरायला लावते, हसू फुटलं की मगच स्विंगची पकड दाखवते. चक्कर येण्याची भीती असते, त्यावर उपाय समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघणं. कोणाला डोळ्यांत बघायला संकोच वाटला तर कान बघा, भुवई बघा. हा पर्याय तोंडानं सांगा. आपल्याकडच्या बायकांना तर आवर्जून सांगा, कारण परक्या माणसाच्या डोळ्यांत आठ सेकंद बघणं हे त्यांच्यासाठी नाचापेक्षा अवघड असतं.

आणि 'हे'ची वेणी शिकवायला गोफ कामाला आला. शाळेत गोफ विणला असेल तर तुम्हाला हे सांगायची गरजच नाही: एकाच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून, आणि थांबायचं नाही.

आता हॉलचं वातावरण. इथे कॉलरचे हात बांधलेले नसतात, लोक तसं समजतात. तुमच्याकडे वीस-पंचवीसच माणसं आहेत, तरी बघा, एक रांग बँडसमोर मधोमध बनते, त्यात जुने, सराईत लोक. नवखे कडेला, दुसऱ्या रांगेत, नवख्यांबरोबरच. शिवाय जुने लोक पुढचे दोन-तीन नाच आधीच कोणाबरोबर ठरवून ठेवतात. नवखा विचारायला जातो आणि 'पुढचा नाच दिलेला आहे' ऐकतो. दोनदा ऐकलं की तो खुर्चीवर बसतो, फोन काढतो. तिसऱ्यांदा तो विचारत नाही. माझ्या अनुभवात लोक नाच अवघड होता म्हणून फारसे जात नाहीत. ते खुर्चीवरून जातात.

यावर माइकवरून रागावू नका. मी रागावून बघितलंय, ज्यांना उद्देशून बोललं ते ऐकत नाहीत आणि नवख्यांना वाटतं की आपल्यामुळे भांडण झालं. त्यापेक्षा पहिला नाच गोलातला मिक्सर ठेवा, ज्यात जोडीदार दर फेरीला बदलतो. सगळे सगळ्यांना भेटतात, नावं कळतात. संख्या पंचविसाच्या आत असेल तर दोन रांगा करूच नका, एकच करा. एक नाच संपल्यावर लगेच 'नवीन जोडीदार शोधा' म्हणा आणि बँडला हळू वाजवायला सांगा, शांतता पसरू देऊ नका. आणि सगळ्यात उपयोगी: संध्याकाळी सहा वाजता पाच जुन्या नाचणाऱ्यांना वैयक्तिक विनंती करा, 'आज पहिले दोन आणि मध्यंतरानंतरचा पहिला नाच नव्या माणसाबरोबर'. सगळ्यांना केलेली सूचना कोणाचीच नसते, नाव घेऊन केलेली विनंती माणूस पाळतो. मध्यंतरानंतरच्या नाचावर माझा विशेष भर असतो, कारण कोट चढवण्याची वेळ तीच.

पकडीबद्दल एक परिच्छेद लिहिते, कारण यावर मौन बाळगल्यानं मी चांगली माणसं जाताना पाहिली आहेत. काही जुने नाचणारे नव्या मुलींना न विचारता गिरक्या देतात, मागे वाकवतात, मनगट आवळतात. मायक्रोफोनवरून पहिल्याच नाचात सांगा: नाही म्हणायची सगळ्यांना मुभा आहे, कारण देण्याची गरज नाही, आणि गिरकी हा प्रश्न असतो, हुकूम नसतो. हे तुम्ही म्हणालात की ज्याला ऐकायला हवं होतं तोही ऐकतो आणि जिला ऐकायला हवं होतं तिलाही धीर येतो. पुढचं काम आयोजकांचं. त्यांनी ते केलं नाही तर तिथे कॉलिंगला जाऊ नका.

प्रसिद्धीवर थोडक्यात. पत्रकावर तीन गोष्टी ठळक हव्यात: जोडीदार लागत नाही, आधीपासून नाच येत असण्याची गरज नाही, सगळं शिकवलं जातं. मऊ तळव्याचे, स्वच्छ बूट आणा, हे खाली. गॅलरीतून काढलेला अख्ख्या हॉलचा व्हिडिओ टाकू नका. आपल्याला तो सुंदर वाटतो, पण बाहेरच्याला ते मुंग्यांचं वारूळ दिसतं आणि तो म्हणतो, मला नाही जमणार. त्यापेक्षा रांगेतून, खांद्याच्या उंचीवरून घेतलेले २० सेकंद, ज्यात कोणीतरी चुकतंय आणि हसतंय. पैशाचं म्हणाल तर बरेच हॉल पहिली वेळ मोफत ठेवतात. मला ते उलटं वाटतं. पहिल्यांदा माणूस कुतूहलानं येतोच. दुसऱ्या वेळेचा मोफत पास जाताना हातात द्या, त्यावर पुढची तारीख पेनानं लिहून. आणि तो पास देणारा माणूस त्या रात्री त्याच्याबरोबर एकदा तरी नाचलेला असावा.

तरुण मंडळी आणायचा मला दिसलेला सगळ्यात पक्का रस्ता संगीताचा आहे. न्यू इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी खुला बँड असतो, शिकाऊ वादक मागच्या रांगेत बसून साथ करतात. हायस्कूलमधली एक फिडल वाजवणारी मुलगी आली की तिचा भाऊ येतो, आई गाडी घेऊन येते, दोन मैत्रिणी येतात. आईला बसवून ठेवू नका, रांगेत ओढा. २०२० च्या मार्चमध्ये सगळे हॉल बंद झाले आणि पुन्हा उघडले तेव्हा काही जुनी मंडळी परतलीच नाहीत. ज्या हॉलकडे असा वादकांचा घोळका होता ते लवकर उभे राहिले, असं मी माझ्या फिरण्यात पाहिलं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. एका महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या जिममध्ये मी साठेक लोकांना तासभर नाचवलं. स्विंग काढून टाकला, त्या जागी दोन हातांची फेरी. कॉल मराठीत दिले. गरबा-दांडियात रुळलेल्या लोकांना ठोका शिकवावा लागला नाही, तो पायात होताच. त्यांना शिकवावं लागलं ते थांबणं: आठ ठोके झाले की सोडायचं आणि पुढच्या माणसाकडे वळायचं. दोन हातांची फेरी आली की सत्तरीच्या दोन आज्यांनी तिची सरळ फुगडी केली आणि त्यांच्या चौघांचा गट अख्ख्या रांगेच्या पुढे निघून गेला. मी 'आजी, आठ झाले!' ओरडत राहिले. त्यांतली दोन कुटुंबं नंतर आमच्या नेहमीच्या नाचाला आली. एकच कुटुंब टिकलं. तेही पुष्कळ झालं.

शिकायचं कसं? जेवणाच्या टेबलावर चार वाट्या घ्या, दोन स्टीलच्या, दोन चिनी मातीच्या. एक जोडी वन्स, एक टूज. नाच वाट्यांनी चालवा, प्रत्येक वाटी कुठे संपते ते बघा. गाडीत कॉन्ट्राच्या धुना लावा आणि ए-बी बदलताना मोठ्यानं 'आता' म्हणा, इतकं की ते न मोजता कळायला लागेल. मग त्याच धुनांवर कॉल द्या, धुनेच्या सुरात, बोलून नाही. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका, लाज वाटेल, वाटू द्या. मग एखाद्या अनुभवी कॉलरला विचारा, 'तुमच्या रात्री एक नाच मला द्याल?' बहुतेक जण देतात, आपणही असेच आलेलो असतो. १९१५ साली स्थापन झालेली कंट्री डान्स अँड साँग सोसायटी आता ईस्टहॅम्प्टनला आहे, तुमच्या अगदी जवळ. कॉलर आणि आयोजकांसाठी त्यांचं बरंच साहित्य असतं. ग्रीनफिल्डच्या ग्रेंज हॉलला जाऊन वेगवेगळे कॉलर ऐका, आणि त्या रात्री नाचू नका. भिंतीला टेकून फक्त त्यांनी तोंड कधी उघडलं आणि कधी मिटलं ते बघा.

बँडशी आधी बोलून घ्या. सुरुवातीला 'फोर पोटॅटोज' हवेत का, म्हणजे फिडलवरचे ते ठोक्याचे झटके, हे ठरवा. नवखे जास्त असले तर मी वेग ११०च्या आसपास मागते, त्याहून खाली नाही, कारण फार मंद धुनेवर स्विंग जडच होतो. संपवायच्या तीन फेऱ्या आधी बँडकडे बघून तीन बोटं दाखवा. हे विसरलात तर नाच सुरूच राहतो आणि लोक तुमच्याकडे केविलवाणे बघायला लागतात.

राहिले तुमचे उच्चार. त्यांची काळजी सोडा. व्यंजनं नीट उमटू द्या, माइक ओठांजवळ धरा, वेळेवर बोला. उशिरा आलेला शुद्ध उच्चार कोणाच्या कामाचा नाही. मी वर्षभर 'अलमांड' चुकीचं म्हणत होते, कोणी लक्ष दिलं नाही. एकच गोष्ट खरंच आडवी आली. आपल्याला बोलताना 'राइट, राइट' म्हणत मान डोलवायची सवय असते. वॉक-थ्रूमध्ये, म्हणजे नाचाआधी संगीताशिवाय तो चालवून बघताना, कोणीतरी शंका विचारली, बरोबर विचारली, मी माइकवर 'राइट!' म्हणाले, आणि अर्धी रांग उजवीकडे वळली. त्यानंतर कॉलिंगच्या दिवशी तो शब्द मी फक्त दिशेसाठी ठेवते. बाकी वेळी 'बरोबर' म्हणते, मराठीतच. आमच्या हॉलमधल्या दोन म्हाताऱ्यांनी तो उचललाय. चेन नीट जमली की तिकडून आवाज येतो, 'बरोब्बर!'